बाई, मटकीला ऊन कुठे लागते?

(मंडळाच्या वतीने भरविलेल्या शिक्षक-पालक मेळाव्यात एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेने केलेले भाषण)



मंडळाच्या कार्यवाहांनी मला विषय दिला तो 'प्राथमिक शाळेतील वैज्ञानिक पद्धतीचे शिक्षण' असा. विषय भारदस्त आहे आणि मी काही शास्त्रज्ञ नव्हे. बत्तीस वर्षे मी प्राथमिक शाळेत शिकविले, त्यांतली बरीचशी तिसरी-चौथीच्या वर्गांवर गेली. तेव्हा माझ्याजवळ सांगण्यासारखे जे काही आहे ते वर्गातलेच आहे. आणि त्यातले पहिले माझ्या स्वतःच्या चुकीचे आहे. ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचे बोलावयास मी मोकळी.

नोकरीला लागून मला सात-आठ वर्षे झाली होती. चौथीचा वर्ग होता. फळ्यावर मी प्रश्न लिहिला : बी रुजण्यासाठी काय काय लागते? मुलांनी एका सुरात सांगितले, माती, पाणी, हवा, सूर्यप्रकाश. मी चारही शब्द सुवाच्य अक्षरांत लिहिले आणि 'वहीत उतरवून घ्या' म्हटले. एवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी ही मुलगी हजेरीला 'हजर' म्हणण्यापलीकडे बोलत नसे. ती म्हणाली, "बाई, मटकीला ऊन कुठे लागते? आई फडक्यात बांधून डब्यात ठेवते. मातीपण नसते."

वर्ग हसला. मीही हसले असेन. मी तिला म्हणाले, "ते स्वयंपाकघरातले झाले. आपण विज्ञान शिकतो आहोत. खाली बस." ती खाली बसली. सहामाहीच्या पेपरात तोच प्रश्न आला आणि तिने उत्तर लिहिले : पाणी, हवा. मी तिचे दोन गुण कापले.

मित्रहो, यातली खरी गोष्ट अशी की त्या दिवशी सकाळी मी स्वतः घरी मटकी भिजवून, फडक्यात बांधून, झाकणाच्या डब्यात ठेवून शाळेत आले होते. वर्षानुवर्षे ठेवीत होते. त्या डब्यात मी ऊन कधी घातले नव्हते, माती तर नव्हतीच. परंतु शाळेच्या फाटकातून आत शिरताना मी माझे स्वयंपाकघर बाहेर ठेवून येत असे. रोप वाढण्यासाठी जे लागते ते आणि बी रुजण्यासाठी जे लागते ते, या दोहोंची मी गल्लत केली होती. ही चूक पाठ्यपुस्तकाची नव्हती, माझी होती. आणि ती एका नऊ वर्षांच्या मुलीने मला दाखवून दिली होती. ती मुलगी पुढे सातवीनंतर शाळेतून गेली. माझ्यामुळे गेली असे मी म्हणणार नाही, घरची कारणे होती. परंतु त्यानंतर चौथीच्या वर्षभरात ती पुन्हा एकदाही उभी राहिली नाही, हे मला नक्की आठवते.

आता वैज्ञानिक पद्धत म्हणजे काय, असे कोणी विचारले की आपण शिक्षक पायऱ्या सांगतो. निरीक्षण, समस्या, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष. डी.एड.ला आम्ही या पायऱ्या पाठ केल्या, मुलांकडूनही पाठ करून घेतल्या. त्या कोठून आल्या हे मला पुष्कळ उशिरा कळले, आणि कळले तेव्हा मी चकित झाले. कारण त्या वाटेवर आपल्या सर्वांच्या ओळखीचे एक ठिकाण लागते.

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले. तेथे जॉन ड्युई हे तत्त्वज्ञ प्राध्यापक होते. १९३६ साली लाहोरला जे भाषण होऊ दिले गेले नाही आणि जे पुढे 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' म्हणून प्रसिद्ध झाले, त्यात बाबासाहेबांनी ड्युईंचा आपले शिक्षक म्हणून, त्यांचे ऋण मान्य करून उल्लेख केला आहे. याच ड्युईंनी १९१० साली 'हाऊ वुई थिंक' हे पुस्तक शिक्षकांसाठी लिहिले. माणूस खरोखर विचार करतो तेव्हा त्याच्या मनात काय घडते याचे वर्णन त्यात आहे. प्रथम काहीतरी अडते. मग नेमके कोठे अडले ते माणूस शोधतो. मग एखादे उत्तर सुचते. ते उत्तर खरे धरले तर पुढे काय काय व्हायला हवे याचा तो विचार करतो. आणि शेवटी पुन्हा पाहून, करून, ते उत्तर ठेवतो किंवा टाकून देतो. ड्युईंनी लिहिले ते एवढेच. पुढे पुस्तके करणाऱ्यांनी त्याची शिडी केली आणि ती शिडी मुलांना पाठ करावयास दिली. विचार कसा होतो हे सांगणारी गोष्ट विचार न करता पाठ करण्याची गोष्ट झाली!

ड्युई नुसते लिहीत बसले नव्हते. त्याआधी १८९६ साली त्यांनी शिकागो विद्यापीठात एक प्रायोगिक शाळा काढली होती. त्या शाळेत लहान मुले सुतारकाम करीत, विणकाम करीत आणि स्वयंपाकही करीत. अंडे शिजविण्याचा धडा होता तेव्हा मुलांनी आधी पाणी किती तापले म्हणजे काय होते ते पाहिले, आणि मग निरनिराळ्या उष्णतेच्या पाण्यात अंड्याच्या पांढऱ्या भागाचे काय होते ते तपासले. म्हणजे बाबासाहेबांच्या या गुरूंच्या शाळेत स्वयंपाकघर हीच प्रयोगशाळा होती, आणि मी माझ्या वर्गात एका मुलीला 'ते स्वयंपाकघरातले झाले' म्हणून खाली बसविले होते. असो.

पुढे काही वर्षांनी मी चौथीला तोच धडा पुन्हा शिकविला. यावेळी फळ्यावर काहीच लिहिले नाही. चार वाट्या आणल्या, प्रत्येकीत मोजून वीस-वीस मटकीचे दाणे टाकले. एक कोरडी. एकीत ओला कापूस आणि ती खिडकीत. एकीत तसाच ओला कापूस, पण ती कपाटात बंद. चौथीत दाणे उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवून वर खोबरेल तेलाचा थर दिला, म्हणजे हवा आत जाऊ नये. आणि प्रत्येकाने वहीत आधी लिहावयाचे की कोणत्या वाटीतले दाणे रुजतील. आधी लिहिणे फार महत्त्वाचे आहे. नंतर विचारले की सगळेच म्हणतात, मला ठाऊक होते.

येथे मला एक अडचण आली. एका मुलाने कपाटातल्या वाटीला दुप्पट पाणी घातले होते. 'तिथे ऊन नाही म्हणून' असे त्याचे म्हणणे. आता 'एका वेळी एकच घटक बदलावा, बाकीचे स्थिर ठेवावेत' हे वाक्य चौथीच्या मुलाला कसे समजावे? मी समजावू लागले आणि मलाच ते जड वाटू लागले. तेवढ्यात दुसरा एक मुलगा म्हणाला, "बाई, हा रडीचा डाव झाला." बस्स! मला हवा असलेला शब्द त्याने दिला. धावण्याच्या शर्यतीत एकाने दहा पावले पुढून सुरुवात केली तर तो जिंकला असे मुले मानत नाहीत, भांडतात. ती न्यायबुद्धी त्यांच्यात असतेच. त्यानंतर माझ्या प्रत्येक वर्गात प्रयोग मांडला की मुले स्वतःच तपासीत, 'रडीचा डाव कुठे आहे का?' पाणी सारखे आहे का? दाणे सारखे आहेत का? एकाच दिवशी ठेवले का? पुस्तकी भाषेतले जे वाक्य मला तासभर पुरले नसते, ते त्यांनी खेळातून उचलले.

तिसऱ्या दिवशी मोजले. कोरडीत शून्य. खिडकीतल्या वाटीत सतरा, कपाटातल्या वाटीत अठरा. तेलाखालचे बहुतेक दाणे रुजले नाहीत, त्यांना वास येऊ लागला. आता सतरा आणि अठरा यांत फरक आहे की नाही, यावर वर्गात वाद झाला. एक मुलगी म्हणाली, अंधारात जास्त रुजतात. दुसरी म्हणाली, एखादा दाणा कितीही भिजवला तरी कडकच राहतो, आमच्या घरी उसळीत दाताखाली येतो. तसा एक इकडे जास्त पडला असेल. मी म्हटले, मग काय करावे? 'पुन्हा करू या' असे सगळे म्हणाले. ज्या मुलाला 'पुन्हा करू या' असे आपणहून सुचते त्याला पायऱ्या पाठ नसल्या तरी माझी हरकत नाही.

परंतु खरी गंमत पुढे झाली. आठवड्याने कपाटातली रोपे खिडकीतल्या रोपांहून उंच झाली! पिवळट होती, पण चांगली बोटभर उंच. मुलांनी निष्कर्ष काढला की अंधारात रोप चांगले वाढते. मला मोह झाला की त्यांना खरे काय ते सांगून टाकावे. मी कशीबशी गप्प राहिले आणि म्हटले, 'वाट्या काढू नका, पाणी देत राहा.' दहा-बारा दिवसांनी कपाटातल्या रोपांनी माना टाकल्या. दाण्यात साठविलेले अन्न संपले होते, आणि हिरवी पाने नसल्याने नवे तयार होत नव्हते. प्रकाश शोधण्यासाठी सगळी शक्ती उंच होण्यात गेली होती. हे मी नंतर सांगितले. आधी त्यांनी ती माना टाकलेली रोपे हातात घेऊन पाहिली. रुजायला ऊन लागत नाही, जगायला लागते, हे वाक्य वर्गातल्या एका मुलीने केले. मी केलेले नाही. (सगळ्याच बियांचे असे नसते, हेही सांगावयास हवे. काही बारीक बियांना रुजण्यासाठीसुद्धा प्रकाश लागतो. म्हणून 'मटकीचे आम्ही पाहिले' इतकेच लिहावे, 'सर्व बियांचे' असे लिहू नये.)

आता खोडरबराची गोष्ट सांगते. माझ्या मते आजच्या विषयाचा गाभा तीच आहे.

पाचवीच्या वर्गात लंबक केला. लंबक म्हणजे दोरीला बांधलेला दगड, दुसरे काही नाही. गाठीपासून दगडाच्या मध्यापर्यंत एक मीटर दोरी. दगड थोडासा बाजूला घेऊन सोडावयाचा आणि दहा झोके किती सेकंदांत होतात ते भिंतीवरच्या घड्याळात पाहावयाचे. एक मीटर दोरीला वीस सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. मुलांचे सहा गट होते. मी गटांमधून फिरत होते. चौथ्या गटाच्या वहीत मी 'दहा' हा आकडा पाहिला होता. मग मी फळ्यावर आकडे लिहून घेऊ लागले. पहिला गट वीस, दुसरा एकवीस, तिसरा एकोणीस. चौथ्या गटातला मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "वीस." मी जाऊन त्याची वही पाहिली. 'दहा' खोडून 'वीस' केले होते, इतके जोर लावून की कागद फाटला होता.

तो मुलगा खोटे बोलणारा नव्हता. त्याच्या शेजारच्या गटात वर्गातले हुशार म्हणून नावाजलेले मुलगे होते. त्यांचे वीस आले, आपले दहा आले, म्हणजे आपलेच चुकले, असे त्याने धरून चालले. कोणी त्याला तसे सांगितले नव्हते. पाच वर्षांच्या शाळेने ते त्याला शिकविले होते.

मी त्या गटाला म्हटले, 'तुम्ही कसे मोजले ते सर्वांना करून दाखवा.' दगड गेला, ते म्हणाले एक. परत आला, म्हणाले दोन. म्हणजे ते जाणे आणि येणे वेगळे मोजीत होते! इतर गट जाऊन-येऊन एक मोजीत होते. त्यांचे दहा झोके इतरांच्या पाच झोक्यांइतके, म्हणून दहा सेकंद. त्यांचे मोजमाप चोख होते. झोका कशाला म्हणावयाचे हे मीच आधी ठरवून दिले नव्हते. चूक झाली असेल तर माझी. तो आकडा खोडलेलाच राहिला असता तर 'मोजण्याआधी शब्दाचा अर्थ ठरवावा लागतो' हा धडा त्या वर्गाला मिळाला नसता.

त्या दिवसापासून निरीक्षणाच्या वहीला खोडरबर लावावयाचा नाही असा मी नियम केला. चुकले असे वाटले तर एक आडवी रेघ मारावी, खालचे वाचता आले पाहिजे. मोठमोठ्या प्रयोगशाळांतही हीच रीत आहे. पालक तक्रार करीत की वह्या घाणेरड्या दिसतात. दिसत होत्या खऱ्या.

मग त्याच लंबकाला आम्ही जड दगड बांधला. जड दगड लवकर झोके घेईल असा अंदाज बहुतेक सर्वांनी लिहिला होता. वेळ तेवढाच लागला. मुलांचा विश्वास बसेना. 'बाई, दगड बदला', 'बाई, मी मोजतो'. चार वेळा केले. दोरी पाव मीटर केली तेव्हा मात्र वेळ निम्म्यावर आला. पावपट दोरीला वेळही पावपट का नाही, असे एकीने विचारले. त्याचे उत्तर पाचवीत देता येत नाही. मी तिला तसे सांगितले, आणि प्रश्न वहीत तारखेसह लिहून ठेवावयास लावला.

भाषेविषयी थोडे बोलते. मुंबईत १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेअंतर्गत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. या केंद्राने पुढे महानगरपालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांबरोबरही काम केले. विज्ञानाची भाषा सोपी केली की मागे पडलेली मुले पुढे येतात, अडचण पुष्कळदा बुद्धीची नसून भाषेची असते, ही बाब त्यांनी आवर्जून मांडली. मला हे वर्गात रोज दिसे. 'बाष्पीभवन म्हणजे काय?' म्हटले की वर्ग गप्प. 'डबक्यातले पाणी कुठे गेले?' म्हटले की चाळीस तोंडे उघडत. आटले, सुकले, वाळले, उडून गेले, जमिनीने प्याले. यांतले कोणते खरे हे तपासता येते : थोडे पाणी जमिनीवर, तेवढेच ताटलीत. ताटली काही पाणी पीत नाही! कपडे वाळत घालणाऱ्या मुलीला हे सगळे ठाऊक असते की पसरलेली ओढणी लवकर वाळते आणि घडी केलेली ओलीच राहते, वारा असला की लवकर, पावसाळ्यात उशिरा. तिच्याजवळ प्रयोगाचे सगळे सामान आहे. नाही तो फक्त एक संस्कृत शब्द. तो शेवटी द्यावा.

आता जरा नाजूक विषयाकडे येते. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीच्या मूर्ती दूध पितात अशी वार्ता देशभर पसरली, हे येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. दुसऱ्या दिवशी वर्गात दुसरा विषयच नव्हता. मी वाटीत दूध आणि चमचा घेतला. एका मुलाने पोळ्याचा मातीचा बैल आणला होता, एकीने घरून वरवंटा आणला. चमचा काठोकाठ भरून ओल्या वरवंट्याला टेकविला, किंचित कलता केला; दूध हळूहळू कमी झाले. बैलही दूध प्याला! मग दुधात लाल शाई घातली, तेव्हा दुधाचा बारीक ओघळ अंगावरून खाली उतरताना स्पष्ट दिसला. द्रवाच्या पृष्ठभागाला ताण असतो, ओल्या दगडाला टेकताच तो दूध ओढून घेतो, आणि पातळ थर खाली वाहतो. मुले खूप हसली. मी स्वतःवर खूष होते.

चार दिवसांनी एका मुलाला त्याच्या आजीने विचारले, 'तुला कोणी सांगितले गणपती दूध पीत नाही म्हणून?' तो म्हणाला, 'बाईंनी सांगितले.' आजी शाळेत आली, रागावली होती, ते मी समजू शकले. पण मला बोचले ते वेगळेच. त्याने वरवंटा पाहिला होता, बैल पाहिला होता, लाल ओघळ पाहिला होता. आणि साक्ष दिली ती माझी! मी त्यांना हसावयास शिकविले होते, तपासावयास नव्हे. चमचा माझ्या हातात होता, शाईची कल्पना माझी होती. आधीची एक खुर्ची रिकामी करून मी तिच्यावर स्वतः बसले होते. आजीबाईंना मी बसवून घेतले, चहा दिला आणि नातवालाच म्हटले, 'तू करून दाखव. हसू नको.' त्याने दाखविले. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांचे मत बदलले की नाही मला ठाऊक नाही; परंतु जाताना त्या रागावलेल्या नव्हत्या.

आणि हे फक्त दुसऱ्यांच्या घरचे आहे असे समजू नका. आपण आपल्या मुलांकडून कालाम सुत्त पाठ करून घेतो, स्पर्धा घेतो. चांगलेच आहे. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा आपला पूज्य गुरू आहे म्हणून मानू नका, असे तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले, हे तिसरीचा मुलगा अस्खलित म्हणतो. अशाच एका स्पर्धेत मी परीक्षक होते. छान पाठांतर केलेल्या एका मुलाला मी विचारले, "बाळ, हे कशावरून बरोबर?" तो ताठ उभा राहून म्हणाला, "भगवंतांनी सांगितले म्हणून." सभागृह हसले. मला हसू आले नाही. त्या मुलाला मी पहिले बक्षीस दिले, कारण पाठांतर खरोखर निर्दोष होते.

शिक्षक बांधव मला सांगतील, बाई, तुमचे ठीक आहे, आम्हांला अभ्यासक्रम पुरा करावयाचा आहे, वर्गात मुले पन्नास आहेत, प्रयोगशाळा नाही. खरे आहे. या पद्धतीने शिकविले की धडे मागे पडतात, हे मी नाकारणार नाही. सगळेच प्रयोगाने शिकविता येत नाही, हेही खरे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे चौथीच्या वर्गात कोणी शोधून काढणार नाही. ते सरळ सांगावे. फक्त 'माणसांनी हे कसे ओळखले?' एवढे एक वाक्य पुढे जोडावे. वर्षातून चार-पाच गोष्टी पुरत्या, आकडे लिहून, पुन्हा-पुन्हा करून केल्या तरी मला पुरे वाटते.

गरीब शाळांत हे जमत नाही असे मात्र म्हणू नये. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात, ज्याला आता नर्मदापुरम म्हणतात, १९७२ साली १६ शाळांत सहावी ते आठवीसाठी असे काम सुरू झाले. किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी ते हाती घेतले, १९७८ मध्ये ते जिल्ह्यातल्या मिडल शाळांत पसरले, आणि १९८२ पासून एकलव्य संस्थेने ते पुढे चालविले. 'बाल वैज्ञानिक' नावाचे त्यांचे पुस्तक असे होते की त्यात प्रयोगांची उत्तरे छापलेलीच नसत. मुलांनी करावे आणि लिहावे. परीक्षेला पुस्तक-वही बरोबर नेण्यास मुभा होती, कारण उत्तर शोधावयाचे असे, आठवावयाचे नसे. 'सवालीराम' नावाच्या एका काल्पनिक पात्राला मुले पत्राने प्रश्न विचारीत आणि त्यांना उत्तरे येत. साध्या खेड्यांतल्या सरकारी शाळांनी हे तीस वर्षे केले. २००२ साली शासनाने तो कार्यक्रम बंद केला. बंद करणाऱ्यांची कारणे काहीही असोत, मला त्याचे अजून वाईट वाटते. आपल्या संविधानात १९७६ च्या दुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून घातले गेले आहे. कर्तव्य पाळण्याची जागा चौथीचा वर्ग ही आहे, पदवीदान समारंभ नव्हे.

पालकांना, विशेषतः आयांना, माझी एक विनंती आहे. शिकलेल्या असा वा नसा, तुमच्या हाताखाली रोज दहा प्रयोग होतात. दही कोमट दुधात का लावता, गार दुधात का नाही? मीठ घातलेले पाणी आणि साधे पाणी, बटाटा कशात तरंगतो? मुलाने विचारले की 'गप्प बस' म्हणू नका, आणि घाईने उत्तरही देऊ नका. 'तुला काय वाटते?' विचारा, आणि 'करून बघ' म्हणा. दोन वाट्या दूध वाया जाईल एवढेच. आणि मुलाने शाळेत सांगितलेल्या गोष्टीवर शंका घेतली तर शाळेची बाजू लगेच घेऊ नका. त्याच्या वहीतला आकडा आधी पाहा.

मी बरेच बोलले. अध्यक्ष महोदयांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे, तेव्हा थांबते. सभागृहाच्या त्या डाव्या खिडकीच्या गजाला मी सकाळी एक मीटर दोरीचा लंबक बांधून ठेवला आहे, आणि खाली दोन दगड ठेवले आहेत, एक लहान, एक मोठा. पुढच्या रांगेतल्या मुलांनी आता तेथे जावे. ज्यांच्या घड्याळाला सेकंद-काटा आहे अशा दोन मोठ्या माणसांनी त्यांच्याबरोबर जावे. आधी अंदाज कागदावर लिहा. आणि झोका कशाला म्हणावयाचे ते सुरू करण्यापूर्वी आपसांत ठरवून घ्या.